पत्रा मारलेल्या दरवाजाला प्रायमर आणि रंग

न्हाणीघराच्या लाकडी दरवाजाला आतल्या बाजूने पत्रा मारून घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पाण्याने लाकूड कुजू नये म्हणून मारलेल्या या पत्र्यावरचा ऑइल पेंट मात्र बरेचदा लवकरच पापुद्र्यांनी सुटू लागतो आणि दोष रंगाच्या डब्याला दिला जातो. माझ्या मते तो दोष बहुतेक वेळा प्रायमरच्या, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पकड देणाऱ्या थराच्या निवडीत असतो, आणि पत्रा कोणता आहे हे पाहिल्यावाचून ती निवड करताच येत नाही.

त्यासाठी साधे लोहचुंबक पुरते. ते चिकटले नाही, तर घरगुती दरवाजावरचा पत्रा बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. चिकटले आणि रंग खरवडल्यावर खाली करडा, गंजरहित थर दिसला, तर तो जस्ताचा मुलामा दिलेला म्हणजेच जीआय पत्रा समजावा. साध्या लोखंडी पत्र्यावर सहसा तांबूस गंज दिसतो. लोखंडाला रेड ऑक्साइड प्रायमर उत्तम चालतो, पण जीआय पत्र्यावर तोच प्रायमर टिकत नाही, कारण तेलयुक्त रंगातील आम्लांशी जस्ताची प्रक्रिया होऊन रंगाच्या खाली साबणासारखा थर तयार होतो आणि न्हाणीघरातील दमटपणा त्या प्रक्रियेला हातभारच लावतो. जीआय आणि अ‍ॅल्युमिनियम या दोन्हींसाठी दोन भागांत मिळणारा एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणारा प्रायमर घ्यावा. तो लागेल तेवढाच कालवावा, कारण कालवलेला प्रायमर काही तासांतच निकामी होतो. त्याचा हात इतका पातळ असावा की खालचा धातू अंधुक दिसत राहील. जाड हात दिल्यास पकड वाढण्याऐवजी कमी होते. त्यावर डब्यावर सांगितलेल्या वेळेनंतर नेहमीचा मेटल प्रायमर द्यावा.

प्रायमरच्या आधीची सफाई कंटाळवाणी असली तरी काम तिच्यावरच उभे असते. साबणाचा आणि तेलाचा थर डिटर्जंटच्या पाण्याने धुऊन दरवाजा पूर्ण वाळवावा. गंज तारेच्या ब्रशने आणि १२० नंबरच्या पॉलिश पेपरने काढावा. जीआय पत्रा मात्र २२० नंबरने हलकेच घासावा, नाहीतर जस्ताचा मुलामाच निघून जातो. घरातील रंग जुना असेल तर तो कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. असा रंग मास्क लावून, वॉटर पेपरने ओला ठेवून घासावा, मुलांना दूर ठेवावे आणि खाली पडलेला चोथा ओल्या फडक्याने टिपून घ्यावा.

शक्य असेल तर दरवाजा बिजागरीतून काढून आडवा ठेवावा, म्हणजे ओघळ येत नाहीत आणि खालची कडही हाताला लागते. पत्रा दुमडून खिळे ठोकलेल्या याच कडेतून पाणी आत शिरते, तरीही ती कड बहुतेक वेळा कोरीच सोडली जाते. सांध्यात सीलंट भरायचे असेल तर रंग धरणारे अ‍ॅक्रिलिक सीलंट वापरावे. सिलिकॉनवर रंग बसत नाही. खळग्यांत लांबी (पुट्टी) भरायची ती प्रायमर वाळल्यावर, उघड्या धातूवर नव्हे.

त्यानंतर इनॅमलचे (ऑइल पेंटचे) दोन पातळ हात द्यावेत. रंग सैल करण्यासाठी मिनरल टर्पेंटाइन वापरावे, एनसी थिनर (लॅकरसाठीचा थिनर) नव्हे. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी आणि मधे ४०० नंबरच्या वॉटर पेपरने हलके घासून धूळ पुसावी. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर काम हाती घेऊ नये, म्हणून कोकणात आणि मुंबईत पावसाळा टाळलेलाच बरा. बोटाला रंग लागत नाही म्हणजे तो पक्का झाला असे नसते. इनॅमल पुरते कठीण व्हायला साधारण आठवडा लागतो, आणि तोवर त्या दरवाजावर गरम पाण्याचे शिंतोडे उडू देऊ नयेत आणि त्यावर ओले टॉवेलही टाकू नयेत.