ध्रुवीय सरोवरांच्या गाळावर काम सुरू करताय? आधी त्याच्या वयाचं बघा

जिऑलॉजी किंवा केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून, नेट काढून या विषयात येऊ पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अंटार्क्टिकाला जायला मिळेल का? मिळेलही. मेडिकल, औलीचं ट्रेनिंग, केप टाउन, सगळं रीतसर होईल. पण त्यावर पीएच.डी. होत नाही. बहुतेकांच्या वाट्याला दुसऱ्याच कोणीतरी कधीकाळी काढलेला आणि कोल्ड रूममध्ये पडून असलेला कोअर, म्हणजे तळात नळी खुपसून काढलेला गाळाचा उभा दंड, येतो. माझाही तसाच होता. त्यात कमीपणा काही नाही, फक्त कोअर काढणारा माणूस शोधून काढा आणि त्याच्याशी तासभर बोला. बर्फ किती जाड होता, पाणी किती खोल होतं, नळी वर येताना वरचा पातळ गाळ सांडला का, हे फील्डबुकात अर्धवट असतं आणि त्याच्या डोक्यात पूर्ण असतं.

मूळ कल्पना अशी: गाळ थरावर थर साचतो आणि प्रत्येक थरात त्या काळच्या हवामानाची खूण राहते. पूर्व अंटार्क्टिकातलं शिरमाकर ओएसिस घ्या. सुमारे 35 चौरस किलोमीटरचा उघडा खडक, त्यात शंभरावर सरोवरं. 1989 पासून आपलं मैत्री स्टेशन तिथेच आहे, प्रियदर्शिनी सरोवराच्या काठावर. उन्हाळा उबदार असेल तर बर्फाचं झाकण जास्त दिवस उघडं राहतं, तळाशी शेवाळाचे थर वाढतात, सेंद्रिय कर्ब वाढतो, डायटम (सिलिकाचं कवच असलेली सूक्ष्म शैवालं) वाढले की जैविक सिलिका वाढते. हिमनदीचं वितळपाणी जोरात असेल तर खडकाचा चुरा येतो, म्हणजे टायटॅनियम, ॲल्युमिनियम चढतं. ढोबळमानाने एवढंच.

पाठ्यपुस्तकातले नियम मात्र जसेच्या तसे लावू नका. कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर वीसच्या वर गेलं की जमिनीवरची झाडं, हा नियम तिथे काय कामाचा? झाडंच नाहीत. उलट कर्ब अगदी कमी असलेल्या राखाडी थरात मातीच्या कणांना चिकटलेला अमोनियम नायट्रोजनचा आकडा फुगवतो आणि गुणोत्तर उगाच खाली येतं. कर्ब विरुद्ध नायट्रोजनचा आलेख काढा, रेषा शून्यातून जात नसेल तर ओळखा. यावर एवढंच, कारण हे कोणीही सांगेल.

वयाचं मात्र कोणी नीट सांगत नाही, म्हणून मी लांबण लावणार आहे.

कार्बन-14 हा काळाबरोबर घटत जाणारा किरणोत्सारी कर्ब, तो किती उरलाय यावरून वय काढतात. लॅबमधून ती वयं आली की वाटतं, काम झालं. मलाही वाटलं होतं. आलेख सुरेख, खाली जाल तसं वय वाढत जातं, कुठे उलटापालट नाही. पण सगळ्यात वरच्या थराचं वय काही शतकं. काल साचलेला गाळ काही शतकं जुना कसा? कारण त्या शेवाळाने कर्ब हवेतून घेतलेलाच नाही, पाण्यातून घेतलाय. पाण्यात तो आला हिमनदीच्या वितळपाण्यातून, म्हणजे बर्फात हजारो वर्षं अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून. वरून सरोवर वर्षातला बराच काळ बर्फाने झाकलेलं, त्यामुळे ताज्या हवेशी देवाणघेवाण तोकडी. हिशेब सोपा आहे. पाण्यातल्या कर्बापैकी 1 टक्का पूर्ण मृत, म्हणजे कार्बन-14 उरलाच नाही असा असेल, तर वय सुमारे 80 वर्षांनी जास्त येतं. 5 टक्के असेल तर 410, आणि 10 टक्के असेल तर जवळजवळ 850.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. यावरचा तोडगाही ठाऊक असतो: वरच्या थराचं वय सगळ्या थरांतून वजा करा. सिनियर सांगतात, गाइड सांगतात, आणि पेपरांत तर ते एका ओळीत उरकलेलं असतं. खरी मेख इथेच आहे.

लॅबचं वय आणि खरं वय यांतला हा फरक काळाबरोबर एकच राहायला कारण काय? आज जे सरोवर चहूबाजूंनी खडकांत बंद आहे, ते कधीकाळी हिमस्तराच्या कडेला लागून असू शकतं. तेव्हा जुना कर्ब भरभरून येणार, बर्फ मागे हटल्यावर कमी होणार. आकडे घालून बघू, हे फक्त समजण्यासाठी. एका थराचं खरं वय 9000 आणि तेव्हाचा फरक 1500, म्हणजे लॅब सांगणार 10500. त्याच्या वरच्या थराचं खरं वय 8000, फरक आता 400, लॅब सांगणार 8400. तुम्ही दोन्हींतून 400 वजा केले. वरचा थर बरोबर बसला, खालचा 10100 झाला. बर्फ हटल्याची घटना 1100 वर्षं मागे गेली. त्याहून वाईट म्हणजे 1000 वर्षांत साचलेला गाळ तुमच्या हिशेबात 2100 वर्षांत साचला. साचण्याचा वेग निम्म्याहून खाली. त्या वेगाने कर्बाला गुणून तुम्ही दर वर्षाचा कर्ब काढणार, तोही निम्म्याहून खाली. आणि मग लिहिणार, ‘या काळात उत्पादकता घटली, बहुधा थंड टप्पा.’ प्रत्यक्षात तेव्हा बर्फ मागे हटत होता!

पर्यावरण बदलतं नेमकं तेव्हाच वयातली चूकही बदलते. त्यामुळे ही चूक आलेखात गोंगाटासारखी दिसत नाही. ती निष्कर्षासारखी दिसते. बेकनसारखं खोलीवरून वय काढणारं सॉफ्टवेअर त्यावर अनिश्चिततेचा मस्त करडा पट्टा काढून देतं आणि आपण खूश.

वरचा थरही सरळ नाही. 1950-60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-14 इतका वाढवला की उत्तर गोलार्धात तो 1963 च्या सुमारास जवळजवळ दुप्पट झाला, दक्षिणेत थोडा उशिरा आणि थोडा कमी. तो सरोवरातही उतरतो. त्यामुळे आजच्या शेवाळाचं वय कमी दिसतं आणि जुना फरक लपतो. वरची डेट ‘मॉडर्न’, म्हणजे अगदी अलीकडची, आली म्हणून पेढे वाटू नका.

घाबरून विषय सोडायची मात्र गरज नाही. यातून वाट निघते, फक्त क्रम उलटा करावा लागतो. आधी एक्सआरएफ स्कॅन (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं), सेंद्रिय कर्ब, जमलं तर जैविक सिलिका. रसायन कुठे मोडतंय ते बघा आणि मगच डेटिंगची सॅम्पल्स निवडा, त्या मोडाच्या लगेच खाली आणि लगेच वर. समान अंतरावर डेट्स पाठवणं हा फेलोशिपचे पैसे बुडवण्याचा राजमार्ग आहे. निदान एका थरातून दोन वेगळे घटक पाठवा: निवडून काढलेल्या मॉसच्या काड्या आणि उरलेला सगळा गाळ. वयं जुळली नाहीत तर तुम्हाला काहीतरी कळलं. जुळली तरी निर्धास्त होऊ नका, पाण्यातलं मॉस त्याच पाण्यातून कर्ब घेतं. पुढच्या मोहिमेतून कोणी पाणी आणि जिवंत शेवाळ आणून देत असेल तर हात जोडून मागा. वरच्या काही सेंटिमीटरना लेड-210 (हवेतून पडणारं किरणोत्सारी शिसं, अलीकडच्या थरांचं वय काढायला) लावून बघा, पण अंटार्क्टिकात ते मुळातच कमी पडतं, फार आशा ठेवू नका.

आणि वयाचे तीन पर्याय करा: फरक शून्य, फरक कायम, फरक बदलता. तिन्हींत टिकेल तेवढंच ठामपणे लिहा. माझ्या मते थिसिसमधलं हे सगळ्यात प्रामाणिक पान असतं आणि गाइडना नेमकं तेच कापायचं असतं. भांडा.

अंटार्क्टिकातल्याच आपल्या भारती स्टेशनजवळच्या लार्समन हिल्समधला कोअर मिळाला तर आणखी एक काम वाढतं. तिथली काही सखल सरोवरं आधी समुद्राचा भाग होती, जमीन उचलली गेल्यावर तुटली. समुद्री भागात फरक साधारण बाराशे-तेराशे वर्षांचा, सरोवराच्या भागात वेगळाच. डायटमच्या जाती, गंधक, ब्रोमीन यांवरून सीमा आधी पक्की करा. कार्बन-14 चं वय खऱ्या वर्षांत बदलायचे वक्र असतात: तिच्या खाली समुद्रासाठीचा मरीन20, वर दक्षिण गोलार्धातल्या हवेसाठीचा एसएचकॅल20. एकच वक्र दोन्हीकडे लावलेला मी छापलेल्या पेपरातही पाहिलाय.

आता हातच्या कामाबद्दल. कोअर उघडल्यावर शेवाळाचे थर हिरवे-नारिंगी दिसतात, मध्ये वाळूच्या राखाडी रेघा, काळ्या थराला सडक्या अंड्याचा वास. हवा लागली की रंग उतरायला लागतो, म्हणून पट्टी ठेवून फोटो आधी, बाकी सगळं नंतर. एक सेंटिमीटरचा स्लाइस ओला असताना भरपूर वाटतो. फ्रीझ-ड्राय केला की कुपीच्या तळाशी पापुद्र्याएवढा उरतो. त्यात कर्ब, समस्थानिकं, धातू आणि डेटिंग सगळं बसवायचं असतं. ओलं आणि कोरडं वजन दोन्ही लिहून ठेवा, नाहीतर साचण्याचा वेग वस्तुमानात काढताच येणार नाही. कर्बासाठी कार्बोनेट काढताना आम्लाने धुण्यापेक्षा आम्लाची वाफ द्या. धुण्यात विरघळणारा सेंद्रिय भागही जातो आणि मुळात थोडक्यातला कर्ब आणखी घटतो. डेटिंगचा भाग कागदात किंवा कापसात गुंडाळू नका, भाजलेली ॲल्युमिनियम फॉइल वापरा.

थिसिसच्या परिशिष्टात लॅब कोड, खोली, कोणता घटक मोजला आणि लॅबने दिलेलं कच्चं वय, काहीही वजा न करता, असा तक्ता द्या. दुरुस्त केलेलं वय वेगळ्या रकान्यात. एसएचकॅल13 या आधीच्या वक्रावर केलेलं काम 2020 मध्ये पुन्हा मोजावं लागलं तेव्हा ज्यांनी फक्त दुरुस्त आकडे छापले होते, त्यांना लोक अजून मेल करून कच्चे आकडे मागतायत.