काजव्यांच्या फोटोतले लाल-निळे ठिपके कसे घालवले

भंडारदरा, पुरुषवाडीकडे काजवे दिसतात ते मेअखेर ते जूनच्या पहिल्या सरींपर्यंत. एका फ्रेममध्ये मोजकेच चमकतात, म्हणून एफ/२ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १६०० (प्रकाशाची संवेदनशीलता), २० सेकंद एक्स्पोजर अशा फ्रेम सलग घेऊन फोटोशॉपमध्ये ‘लाइटन’ मोडने एकावर एक रचतो.

अडचण इथेच येते. लाइटन प्रत्येक जागचा सर्वांत उजळ पिक्सेल ठेवतो, त्यामुळे सेन्सर तापून उमटलेले ठिपकेही टिकतात. काजव्याचा ठिपका पिवळट-हिरवा, कडेला मऊ. सेन्सरचे ठिपके टोकदार, लाल-निळे आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी.

कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (असे ठिपके आपोआप काढणारी सोय) बंदच ठेवा. ते प्रत्येक फ्रेमनंतर तितकाच वेळ खातं आणि निम्मी चमक हुकते. त्याऐवजी शेवटी, तिथेच, लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर पाच-सहा काळ्या फ्रेम घ्या; त्यांत फक्त हे ठिपके उमटतात. घरी येऊन घेतल्या तर तापमान बदलतं, ठिपके जुळत नाहीत. काळ्या फ्रेमचा मीडियन (प्रत्येक पिक्सेलचं मधलं मूल्य) काढून तो काजव्यांच्या प्रत्येक फ्रेममधून ‘सबट्रॅक्ट’ मोडने वजा करा, मगच लाइटन. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) उघडताना लेन्स करेक्शन (लेन्समुळे वाकलेलं चित्र सरळ करणारा पर्याय) बंद हवं, नाहीतर ठिपके जागेवरून सरकतात. शार्पनिंगही शून्य.

फ्लॅश आणि टॉर्च मात्र नकोच: उजेडात काजव्यांचे मीलनाचे इशारे बिघडतात.