शिशितो मिरची: ऐन उन्हाळ्यातली तोडणी, साठवण आणि तवा

जपानात जुलैच्या उत्तरार्धात पावसाळी आभाळ उघडतं आणि कडक ऊन पडू लागतं. शिशितोची झाडं याच दिवसांत भरभरून धरतात, आणि बिनतिखट म्हणून लावलेली मिरची अचानक जिभेला झोंबायला लागते तीही आत्ताच. तिकडे अंगणात, कुंडीत किंवा भाड्याच्या वाफ्यात भाजी करणाऱ्या मराठी मंडळींनी पुढचे दोन महिने झाडाकडे नीट लक्ष द्यावं.

तिखटपणाचं खापर बरेच जण शेजारच्या तिखट मिरचीवर फोडतात. ते खरं नाही. परागीभवनाचा परिणाम बियांत उतरतो, म्हणजे तो पुढच्या वर्षी ते बी पेरलंत तर दिसेल; यंदाच्या फळाची चव झाडाचीच असते. खरं कारण म्हणजे झाडाला बसलेला ताण: कोरडी माती, तापलेली मुळं, खताची उपासमार. म्हणून बुंध्याशी पेंढ्याचं आच्छादन घाला, सकाळी मुरवून पाणी द्या आणि दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं खत देत राहा. कुंडीतल्या झाडाला भर उन्हाळ्यात संध्याकाळीही पाणी लागतं.

फळ ५ ते ७ सेंटिमीटरचं झालं की तोडा. देठ कात्रीने कापा. ओढलंत तर फांदीच मोडते, ती फार नाजूक असते. फळं झाडावर राहू दिली तर झाड थकतं आणि नवा बहर मंदावतो. प्रखर उन्हाने सालीवर काळपट-जांभळा डाग आला तर घाबरू नका, तो रोग नाही, शिजवताना जातो. लाल झालेलं फळही वाया गेलेलं नसतं, उलट गोड लागतं.

तोडलेली मिरची धुऊन ठेवू नका. पुसून कोरडी करा, कागदात गुंडाळा, पिशवीत सैल बांधा आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. हिला ७ ते १० अंश सेल्सिअस मानवतं. त्याहून थंड जागी सालीला खड्डे पडतात, आतलं बी काळं पडतं. नीट ठेवली तर आठवडाभर टिकते. जास्त निघाली तर धुऊन, पूर्ण कोरडी करून अख्खीच फ्रीझरमध्ये टाका आणि महिनाभरात संपवा. वितळवत बसू नका, थेट गरम तव्यावर घाला.

तव्यावर घालण्याआधी प्रत्येक मिरचीला टोचा किंवा छोटी चीर द्या. हे मात्र कधीही विसरू नका: आत कोंडलेली वाफ फळ फोडते आणि गरम तेल अंगावर उडतं. मग थोड्या तेलात, मोठ्या आचेवर, सालीला फोड येईपर्यंत परता आणि उतरवताना सोया सॉस शिंपडा. क्योतोकडे मानगांजी ही लांबट, जाड गराची मिरची बारीक सुक्या मासळीबरोबर परततात. जवळ्याची सवय असलेल्या कोकणी घराला ती चव लगेच ओळखीची वाटेल.

लहान मुलांना वाढताना मिरची उभी चिरून आतला पांढरा भाग बियांसकट काढा, तिखटपणा तिथेच असतो. तरीही एखादी झोंबलीच तर पाण्याऐवजी दही द्या.