जुन्या बुलेटचा कार्ब्युरेटर ट्यून करताना या चुका टाळा

कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट ३५० चे आयडलिंग (रेस न देता इंजिन संथ चालणे) बिघडले की स्क्रू ड्रायव्हर सर्वप्रथम कार्ब्युरेटरकडे वळतो आणि बहुतेक वेळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडण्यासाठी पुशरॉडला ढकलणारा भाग), पॉइंट (ठिणगीसाठी वीज तोडणारा संपर्क), प्लग किंवा एअर फिल्टर यांपैकी एकातही दोष असेल, तर पेट्रोल आणि हवेचे मिश्रण कितीही जुळवले तरी इंजिन एकसारखे चालत नाही. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (सर्वांत वरच्या बिंदूवर) आणावा आणि पुशरॉड (टॅपेटची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारी दांडी) बोटांनी सहज फिरेल, पण वरखाली खुळखुळणार नाही, असे टॅपेट लावावे. पॉइंटची फट फीलर गेजने मोजून ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी.

त्यानंतर पाहावा तो कार्ब्युरेटर आणि हेड यांमधला जोड. येथून बाहेरची हवा आत शिरत असेल, तर गाडी रेस सोडल्यावरही चढ्या आवाजात अडकून राहते, आणि हा दोष हमखास मिश्रणावर ढकलला जातो. गाडी आयडलिंगवर ठेवून जोडावर पाण्याची बारीक फवारणी करावी. आवाज बदलला तर गॅस्केट किंवा रबर बदलावे. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून ही परीक्षा कधीही घेऊ नये. बोल्ट जोर लावून आवळण्यानेही प्रश्न सुटत नाही, कारण त्याने फ्लँज (जोडाची सपाट कड) वाकते आणि गळती वाढते.

सर्वांत जास्त गफलत होते ती दोन स्क्रूंमध्ये. या बुलेटवरच्या मिकार्ब व्हीएम २४ कार्ब्युरेटरच्या अंगावरचा मोठा स्क्रू स्लाइड (हवेची वाट उघडणारी सरकती झडप) उचलतो, म्हणजे केवळ आयडलिंगचा वेग ठरवतो. फिल्टरच्या बाजूचा लहान स्क्रू हवेचा आहे. हा आत घेतला की हवा कमी होऊन मिश्रण घट्ट (पेट्रोल जास्त) होते आणि बाहेर काढला की पातळ (पेट्रोल कमी) होते. मात्र ज्या कार्ब्युरेटरांत मिश्रणाचा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो, त्यांत तो पेट्रोल नियंत्रित करतो आणि परिणाम नेमका उलटा होतो. त्यामुळे एका गाडीवर शिकलेली दिशा दुसरीवर डोळे झाकून वापरू नये.

गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून गरम करावी, चोक लावलेला नाही याची खात्री करावी आणि हवेचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घेऊन दीड फेरा बाहेर काढावा. जोराने आवळला तर त्याचे टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात. पुढे पाव-पाव फेरा फिरवत, प्रत्येक वेळी काही सेकंद थांबत, आवाज सर्वांत चढा व एकसारखा असेल ती जागा शोधावी आणि मगच मोठ्या स्क्रूने वेग खाली आणावा. स्क्रू जवळपास पूर्ण आत गेल्यावरच इंजिन सुधारत असेल, तर पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा बारीक छिद्राचा भाग) तुंबला आहे किंवा कुठूनतरी हवा शिरत आहे. तीन फेऱ्यांपेक्षा जास्त बाहेर काढावा लागत असेल, तर फ्लोटची (कार्ब्युरेटरातले पेट्रोल ठराविक उंचीवर ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी वर आहे, चोक पूर्ण सुटत नाही किंवा पायलट जेट मोठा आहे, असे समजावे.

जेट तारेने कोरून साफ करू नये; पितळ मऊ असल्याने छिद्र मोठे होते आणि त्यानंतर कोणताही स्क्रू कामाचा राहत नाही. कार्ब क्लीनर आणि दाबाची हवा पुरेशी आहे. अर्ध्या रेसवर गाडी अडखळत असेल, तर पायलटऐवजी निडलची (स्लाइडला जोडलेल्या, मधल्या रेसचे पेट्रोल ठरवणाऱ्या सुईची) क्लिप पाहावी: क्लिप एक खाच खाली घेतली की निडल वर येते आणि मिश्रण घट्ट होते. पूर्ण रेसवरची तक्रार मेन जेटची (जास्त रेसवर पेट्रोल देणाऱ्या जेटची) असते. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर फरक कशाने पडला, हे कळणार नाही.

ॲव्हरेज वाढवण्यासाठी मिश्रण पातळ करून घेण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते. आंबोली घाटासारख्या लांब चढावर हवेने थंड होणारे हे इंजिन आधीच तापते. पातळ मिश्रणाने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांवर आणखी ताण येतो. त्यातच आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला फक्त ९. म्हणून पूर्वी अचूक असलेली सेटिंग अशा पेट्रोलवर पातळ ठरते. ठराविक रेसवर काही अंतर जाऊन क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि मग प्लग काढून पाहावा. तो पांढरट दिसला, तर जास्त रेसवर मेन जेट एक क्रमांकाने वाढवून आणि मधल्या रेसवर क्लिप एक खाच खाली घेऊन हीच तपासणी पुन्हा करावी.