रिव्हॉल्व्हरवर स्कोप बसवायला शिकताना

अमेरिकेतल्या ओहायोत हरणाच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारनंतरच्या) सोमवारी सुरू होतो. त्याआधी महिना-दीड महिना आमच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात रिव्हॉल्व्हरवर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बसवून घेणाऱ्यांची रीघ लागते. इथे हँडगननं हरीण मारायचं तर नळी किमान ५ इंची आणि काडतूस .३५७ (हा आकडा गोळीच्या व्यासाचा, इंचांत) किंवा त्याहून मोठं, सरळ भिंतीचं, म्हणजे तोंडाशी मान नसलेलं लागतं. त्यामुळे टेबलावर येतात ती बहुतेक .३५७ आणि .४४ मॅग्नम या जोरकस काडतुसांची रिव्हॉल्व्हर. या धंद्यात उतरू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींना काही गोष्टी आधीच कळाव्यात म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात कागदपत्रांपासून करा. विद्यार्थी किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानं बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद आहे, पण त्याच्या भरवशावर करिअरचा बेत आखू नका. ग्रीन कार्ड हातात आलं की हा अडथळा दूर होतो. दुरुस्तीचा धंदा करायला एटीएफचा (बंदुकांवर देखरेख करणाऱ्या संघीय खात्याचा) परवाना लागतो, नोकरदार मंडळी दुकानाच्या परवान्याखाली काम करतात. गिऱ्हाईकाची बंदूक रात्रभर दुकानात राहिली की ती आल्या-गेल्या बंदुकांच्या नोंदवहीत चढलीच पाहिजे. ही वही नीट लिहायला पहिल्याच दिवशी शिका. रीतसर शिक्षण हवं असेल, तर कोलोरॅडोतल्या ट्रिनिडॅड स्टेट कॉलेजात बंदूक-कारागिरीचा अभ्यासक्रम १९४७ पासून चालू आहे.

आता मूळ काम. रायफलचा स्कोप डोळ्यापासून तीन-चार इंचांवर धरायचा असतो. रिव्हॉल्व्हर हात लांब करून धरतात, म्हणून त्याचा स्कोप वेगळा, साधारण १२ ते २४ इंचांवरून पूर्ण चित्र दाखवणारा असतो. रायफलचा स्कोप रिव्हॉल्व्हरवर बसवून मागणारे गिऱ्हाईक दर हंगामात येतात. त्यांना स्पष्ट नाही म्हणा. त्यातून पूर्ण चित्र दिसावं म्हणून डोळा जवळ नेला, तर .४४ च्या झटक्यानं मागे-वर उसळणारी काच थेट भुवईवर आदळते.

स्कोपची जागा टेबलावर ठरवता येत नाही. रिंगमध्ये, म्हणजे स्कोप धरणाऱ्या कड्यांत, स्कोप सैल ठेवा, सिलिंडर (काडतुसांचा फिरता दंडगोल) उघडून सगळी घरं रिकामी असल्याची दोघांनीही खात्री करा आणि बंदूक गिऱ्हाईकाच्या हातात द्या. डोळे मिटून नेहमीसारखी धरायला सांगा, मग डोळे उघडायला सांगा. कडेनं काळी किनार दिसली तर स्कोप थोडा पुढे-मागे सरकवा. इथले बरेच शिकारी झाडावरच्या मचाणावर बसून वाट पाहतात, आणि बसल्यावर कोपर वाकतं, हात आखूड होतो. म्हणून हीच चाचणी खुर्चीवर बसवून, हातमोजे घालायला लावून पुन्हा घ्या. याला दहा मिनिटं लागतात, पण माझ्या मते अख्ख्या कामातली सर्वांत मोलाची मिनिटं हीच. बालेवाडीसारख्या रेंजवर पिस्तूल चालवलेल्यांना इथे फायदा होतो. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं त्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात दुर्बिणीला परवानगीच नाही, पण हात लांब करून धरण्याची सवय तिथे पक्की होते आणि दुसऱ्याच्या धरण्यातला फरक लगेच नजरेत भरतो.

गिऱ्हाईकाला जास्त पॉवर हवी असते. दोनपट पुरते, असं पटवून द्या. पॉवर वाढली की हाताचं थरथरणंही तितकंच मोठं दिसतं आणि झाडीतलं हरीण शोधणं कठीण होतं.

बसवायची सोय बंदुकीगणिक बदलते. रुगरच्या सुपर रेडहॉकमध्ये फ्रेमलाच रिंगसाठी खाचा असतात, त्यामुळे शिकायला ही सर्वांत सोपी. अलीकडच्या बऱ्याच स्मिथ अँड वेसनमध्ये मागच्या साइटखाली (नेम धरायच्या खुणेखाली) कारखान्यातच आटे पाडलेले असतात. साइट काढायची आणि बेस (रिंग जिच्यावर बसतात ती पट्टी) बसवायचा. १९५० च्या दशकातली जुनी स्मिथ मात्र भोक पाडायला घेऊ नका, संग्राहकांच्या लेखी तिची किंमत त्या एका भोकानं घसरते.

स्क्रूची लांबी प्रत्येक वेळी मोजा. फ्रेमच्या वरच्या पट्टीतून स्क्रू जरासा जरी खाली आला, तरी सिलिंडरला घासतो आणि फिरणं अडतं. बेस घट्ट केल्यावर सिलिंडर पूर्ण एक वेढा फिरवा, बाहेर काढा, आत ढकला. हॅमरवर (मागच्या घोड्यावर) अंगठा मोकळा पोचतो का तेही बघा. स्कोप खाली बसला असेल तर हॅमरला बाजूची खुंटी लावावी लागते.

आटे अ‍ॅसिटोननं पुसून कोरडे करा. बेसच्या स्क्रूंना निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक), रिंगचे स्क्रू कोरडे. रिंगच्या छोट्या स्क्रूंना बहुधा १५ ते २० इंच-पाउंड टॉर्क (आवळायचा जोर) सांगितलेला असतो, पण डब्यातल्या कागदावरचा आकडाच खरा धरा. .४४ आणि त्यापुढच्या काडतुसांना, बेसवर जागा असेल तर, मी तीन रिंग लावते.

रायफलचा बोल्ट (नळीमागची सरकती दांडी) काढून नळीतून निशाण बघता येतं. रिव्हॉल्व्हरमध्ये मागे फ्रेम आड येते, त्यामुळे तोंडाकडून लावायचं लेझर किंवा कॉलिमेटर (नळीच्या रेषेत निशाण दाखवणारं भिंग) वापरावं लागतं. मग रेंजवर आधी २५ यार्ड, नंतर ५०. मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवा, नळी नको. सिलिंडर आणि नळीच्या मधल्या फटीतून तापलेला वायू बाजूला फेकला जातो. त्यानं पिशवी फाटते, बोट तिथे असेल तर बोटाचंही तेच होतं.

बंदूक परत देताना काढलेली मागची साइट नाव लिहिलेल्या पाकिटात घालून द्या, टॉर्कचे आकडे पावतीवर लिहा. ५० काडतुसांचा पहिला डबा संपला की स्क्रू तपासायला या, असंही सांगा. आमच्या दुकानात त्याचे पैसे घेत नाहीत.