लाडकं सॉफ्टवेअर बंद पडतंय? आवराआवरी अशी करा

८ जून २०२२ ला गिटहब या प्रोग्रामांचे कोड सांभाळणाऱ्या कंपनीने जाहीर केलं की ॲटम हा त्यांचा मुक्तस्रोत टेक्स्ट एडिटर (मजकूर आणि कोड लिहायचं साधन) १५ डिसेंबरला अर्काइव्ह होणार, म्हणजे त्यावरचं काम थांबणार. हातात सहा महिने होते. त्यातले साडेपाच मी 'बघू नंतर' म्हणण्यात घालवले आणि शेवटच्या पंधरवड्यात, भाड्याचं घर सोडताना करतात तशी, खोकी भरत बसलो. ही यादी त्या धांदलीतून झालेली आहे. ॲटम निमित्त. उद्या तुमच्या पासवर्ड मॅनेजरची किंवा फोनमधल्या गॅलरीची पाळी येऊ शकते.

पहिलं काम म्हणजे बातमी दोनदा वाचणं. 'बंद' म्हणजे नेमकं काय बंद? प्रोजेक्ट अर्काइव्ह झाला म्हणून तुमच्या मशीनवरचा प्रोग्राम नाहीसा होत नाही. ॲटम १६ डिसेंबरलाही उघडणारच होता. थांबणार होतं ते त्यांच्या सर्व्हरवर चालणारं: नवीन पॅकेज (एडिटरला जोडायची जादा सोय) घेणं, आहे ते अपडेट करणं, दोघांनी एकाच वेळी एका फाइलवर काम करायची टेलिटाइपची सोय. शिवाय सुरक्षेच्या दुरुस्त्या. तेव्हा एक कागद घ्या आणि दोन रकाने पाडा, 'माझ्या मशीनवर' आणि 'त्यांच्या मशीनवर'. दुसऱ्या रकान्यात जे येईल त्याची घाई आहे, बाकीचं सावकाश चालेल.

अर्थात, बातमी येईलच असं नाही. कीपासएक्स या पासवर्ड मॅनेजरची शेवटची आवृत्ती २०१६ ची, आणि 'आम्ही थांबलो' ही पाटी लागली डिसेंबर २०२१ मध्ये. मधली पाच वर्षं लोक बिनघोर पासवर्ड ठेवत राहिले. म्हणून रोजच्या वापरातल्या चार-पाच साधनांची शेवटची आवृत्ती कधीची आहे आणि सुरक्षेच्या तक्रारीला कोणी उत्तर देतं का, एवढं वर्षातून एकदा बघून ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत हे काम सहज बसतं.

मग इन्स्टॉलर जपून ठेवा. नुसता शेवटचा नव्हे, त्याच्या आधीचाही. २८ मे २०१४ ला ट्रूक्रिप्ट या, फाइली कुलूपबंद कप्प्यात ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साइटवर अचानक सूचना आली की हे सॉफ्टवेअर सुरक्षित नाही, दुसरं काहीतरी वापरा. सोबत ७.२ ही शेवटची आवृत्ती दिली होती. ती फक्त जुने कप्पे उघडायची, नवीन करायची नाही. ज्यांनी ७.१ए जपून ठेवली होती त्यांच्याकडेच पूर्ण साधन उरलं. ॲटमच्या बाबतीत उलटाच प्रकार झाला. अर्काइव्ह होऊन दीड महिना उलटल्यावर गिटहबने कळवलं की कोड साइन करायची (प्रोग्राम आपलाच आहे अशी ग्वाही देणारी) त्यांची काही प्रमाणपत्रं चोरीला गेली आहेत, ती २ फेब्रुवारी २०२३ ला रद्द होतील, आणि त्यामुळे ॲटमची १.६३.० आणि १.६३.१ चालणार नाही. वापरायचाच असेल तर त्याआधीची आवृत्ती घ्या. म्हणजे मेलेलं सॉफ्टवेअरही निवांत पडून राहीलच असं नाही. इन्स्टॉलरबरोबर त्याचा चेकसमही (फाइलीवरून काढलेली, तिची ओळख पटवणारी खूण) लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी पेन ड्राइव्हवरची फाइल तीच आहे का, हे कशावरून ठरवणार?

सेटिंग्जची खोकी वेगळी भरा. ॲटमचा सगळा संसार होम फोल्डरमधल्या, नावाआधी टिंब असलेल्या एका लपलेल्या फोल्डरात होता: कीबोर्डचे शॉर्टकट, स्निपेट (पुन्हा पुन्हा लागणारे तयार तुकडे), रंगसंगती, पॅकेजेस. तो अख्खा उचलून बाजूला ठेवला की झालं. पण त्याआधी पॅकेजांची यादी काढून प्रत्येकापुढे 'याने मला काय मिळत होतं' हे एका ओळीत लिहा. माझ्याकडे एकतीस होती. नऊ नेमकी कशासाठी घेतली, ते मलाच आठवेना. खरं तर सहाच हवी होती.

आता मुख्य गोष्ट, तुमचा माल. फाइली कुठल्या रूपात आहेत? ॲटमवाले सुदैवी, कारण साधी टेक्स्ट फाइल कुठेही उघडते. कीपासएक्सवालेही वाचले. कीपासएक्ससी हा त्याचा फोर्क (त्याच कोडवरून दुसऱ्यांनी पुढे चालवलेला प्रकल्प) तोच डेटाबेस वाचत होता, फाइल उघडली आणि संपलं. हे मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागू नये. नव्वदच्या दशकात आपापल्या फॉन्टात टाइप केलेले दिवाळी अंक आणि स्मरणिका आठवा. फाइल आहे, उघडतेही, पण तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ. साधन चालू आहे तोवरच सगळं उघड्या, सर्वत्र वाचता येणाऱ्या रूपात निर्यात करा आणि निर्यात केलेली फाइल दुसऱ्याच प्रोग्रामात उघडून तपासा. 'एक्सपोर्ट यशस्वी' या संदेशावर विसंबू नका.

पर्याय निवडताना हौस बाजूला ठेवा. ॲटमनंतर बहुतेक जण व्हीएस कोड या एडिटरकडे गेले, आणि त्यात गंमत अशी की व्हीएस कोड इलेक्ट्रॉन नावाच्या ज्या सांगाड्यावर उभा आहे तो मुळात ॲटमसाठीच बनला होता. ज्यांना तेच घर हवं होतं त्यांच्यासाठी पल्सार हा फोर्क आला, पॅकेजांच्या स्वतःच्या कोठारासकट. कुठलाही उमेदवार असो, आठवडाभर जुन्याच्या शेजारी चालवा आणि त्याच्यावर मराठी ओता. कर्सर जोडाक्षराच्या मधोमध अडकतो का? बॅकस्पेसने मात्रा जाते की अख्खं अक्षर? 'दुसऱ्या' हा शब्द शोधून बघा: त्यातला ऱ्या दिसायला एकच, पण आत दोन प्रकारे साठवला जातो, आणि एका प्रकारे शोधलं तर दुसरा सापडत नाही. ॲटममध्येही ही अडचण होतीच, पण तिची सवय झाली होती.

फोर्क घेताना चालवणारे कोण आहेत ते पाहा. मूळ प्रकल्पात त्यांचं काम दिसतं का, की कालच अवतरले? नाव तेच राहून मालक बदलला तरी सावध व्हा. अँड्रॉइडवरची सिंपल मोबाइल टूल्स ही ॲप्स २०२३ च्या अखेरीस एका कंपनीला विकली गेली. जुन्या कोडवरून फॉसिफाय निघालं, पण ते आपसूक फोनवर येत नाही, स्वतः जाऊन घ्यावं लागतं. अशा वेळी आधी ऑटो-अपडेट बंद करा, मग विचार करा.

किती दिवस जुनंच वापरावं? नेटशी किंवा अनोळखी फाइलींशी ज्याचा संबंध येतो ते लवकर सोडा. ॲटमच्या पोटात आख्खं क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) आहे, म्हणजे दुरुस्त्या थांबलेला ब्राउझरच.

आणि मेंटेनरच्या, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या, मागे लागू नका. 'कधी अपडेट देणार, जमत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा' हा सूर कुठे नेतो ते २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळून लहान करणाऱ्या साधनाच्या प्रकरणात दिसलं. थकलेल्या एकट्या माणसावर अनोळखी खात्यांनी असाच दबाव आणला, मदतीला आलेल्याच्या हातात किल्ल्या गेल्या आणि ५.६.० व ५.६.१ मध्ये चोरदरवाजा बसला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून एका इंजिनिअरने खोदून पाहिलं, तेव्हा तो सापडला. लिहायचंच असेल तर आभाराच्या दोन ओळी लिहा, जमलं तर फोर्कला थोडे पैसे पाठवा.

शेवटचं काम अनइन्स्टॉल करण्याआधीचं. ॲटम सेव्ह न केलेले टॅबही लक्षात ठेवायचा, आणि तेच फाइलींच्या बॅकअपमधून सहज सुटतात. एकेक टॅब उघडून बघा. माझ्याकडे चार निघाले. तिघांत काही नव्हतं, चौथ्यात मावशीने फोनवर सांगितलेली चकलीच्या भाजणीची मापं होती.