रॅमची चाचणी भर दुपारी घ्या

३२०० वेगाची डीडीआर४ रॅम विकत घेतली, तरी बहुतेक मदरबोर्ड ती आधी २१३३ किंवा २४०० वरच चालवतात. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स', मग 'मेमरी' उघडून वेग बघा. कमी दिसला तर पैसे मोजलेला वेग तुम्ही वापरतच नाही आहात.

१. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जा.
२. एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगावर चालवणारी तयार सेटिंग; काही बोर्डांवर डीओसीपी) चालू करून सेव्ह करा. बहुतेकांनी इथेच थांबावं, खरा फायदा एवढ्यातच मिळतो.
३. टायमिंग (रॅम प्रत्येक कामाआधी किती थांबते ते आकडे; कमी म्हणजे जलद) आणखी आवळायचे असतील तर एका वेळी एकच आकडा, एकाच पायरीने कमी करा. १६-१८-१८-३८ असेल तर आधी फक्त मधला एक १८ चा १७. दोन आकडे एकदम बदलले की चूक कुठली ते कळत नाही.
४. प्रत्येक बदलानंतर मेमटेस्ट८६ (रॅममधल्या चुका शोधणारा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवरून चालवा.

आता सोलापूरकरांसाठी महत्त्वाचं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि रॅम तापली की आवळलेले टायमिंग चुका करू लागतात. रात्री कूलरसमोर पास झालेली चाचणी दुपारी तीनला नापास होऊ शकते. म्हणून चाचणी दुपारीच, कॅबिनेट बंद ठेवून घ्या. एक जरी चूक दिसली तरी आकडा मागे घ्या, नाहीतर फायली नकळत खराब होतात.

स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका. विजेची वायर काढून बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, सेटिंग मूळ जागी येतं.

व्होल्टेज मात्र रॅमच्या लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा वाढवू नका.